गुरुवारची खोली

वेंगुर्ल्याच्या रुग्णालयात मला दिलेली खोली
लसींच्या रिकाम्या खोक्यांची.
खिडकीतून बंदराचा वास, डोक्यावर कण्हता पंखा.
इथे मी काही कापत नाही, शिवत नाही,
औषधही लिहीत नाही.
खुर्ची जरा तिरकी ठेवते, एवढंच,
म्हणजे समोरच्याला दार दिसत राहतं.

सुगंधा केळुसकर सकाळचे बांगडे विकून आल्या.
"ता सतरा वर्षांचा झाला," म्हणाल्या,
"आजून शाना जावक नाय."
मी घाटावरची. मला वाटलं,
रिपोर्ट आईच्या जिभेपर्यंत पोचलासुद्धा.
मग कळलं, इथे प्रत्येक चेडू 'ता'च असतं,
लाडाचं, शेंबडं, शाळेत पहिलं आलेलं.
घाई झाली होती ती माझ्याच कानाला.

सर्जनसाहेबांनी फोनवर तारीख सुचवलेली:
"काढून टाकू. पोरीला सांगायचंय काय त्यात?"
वहीत तारीख लिहिली,
शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं.
त्या दिवसाचं माझं मोठं काम म्हणजे
ते प्रश्नचिन्ह.

"कृतिकाक भायर बसवा," आई म्हणाली.
मी म्हटलं, अंग तिचं आहे,
बातमी तिला वळसा घालून कशी जाईल?
मग केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं:
हे आहे, हे नाही,
हे आहे पण वेगळ्या नावाचं,
आणि यात कुणाचं पाप नाही, ग्रहण नाही,
गरोदरपणी खाल्लेलं काही नाही.

इथवर बरं चाललं होतं.
मग मला राहवलं नाही. म्हटलं,
खाडी बघ, गोडं पाणी कुठे संपतं...
तिने मला मध्येच थांबवलं.
"मॅडम, मी खाडी नाय.
बारावीच्या फॉर्मात काय भरूचा ता सांगा."
"आजवर काय भरलंस?"
"स्त्री."
"तेच भर. कधी वेगळं वाटलं,
तर तेव्हा बोलू."

जिन्यावर आईने विचारलं, "लग्नाचा काय?"
माहीत नाही, म्हटलं.
हे दोन शब्द नीट म्हणायला
मला अकरा वर्षं लागली.

संध्याकाळी फोन केला: तारीख थांबवा,
तिला विचार करायचाय.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुढच्या गुरुवारी ती एकटीच आली,
एसटीच्या तिकिटामागे प्रश्न लिहून.
पहिला: ह्या बाबाक कोण सांगतलो?
दुसरा: पोहायला चालतं ना?
तिसरा होता, पण गिरगटून खोडलेला.
त्याबद्दल मी विचारलं नाही.
पंखा तेवढा बंद केला.