छाट

चेकरसाहेब, तीन महिने पान उचललं नाही,
कार्डावर शिक्का नाही, ते का, ऐका.

नागमणी माझी, बावीसची,
शाळेच्या गणवेशांना काजं करायची.
गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
रात्री उठून म्हणाली, भिंतीत माग चालतोय, बंद करा.
आमच्या घरकुलात माग कुठला?
मग झोपच गेली. मला म्हणाली,
तू अम्माचं लुगडं नेसलेली दुसरीच कोणीतरी आहेस.

शेजारणींनी लिंबू उतरवलं.
मनाच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी ती आणखी ताठ झाली.

सिव्हिलमध्ये खाटेला बांधली तेव्हा
तोंड रिकामंच चावत होतं,
आणि हात, साहेब, हात बिडी वळत होते.
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही.
बोटं गुंडाळायची, टोक दुमडायची, पुन्हा.
मी मोजत बसले. सवय.
पहाटेपर्यंत हजार भरले असतील.

एक शिकाऊ डॉक्टरीण, अहमदपूरची, डोळे जागरणानं लाल,
तिनं पाठीतलं पाणी पुण्याला धाडलं
आणि पोटाची सोनोग्राफी करा म्हणाली.
बिघडलंय डोकं, मी म्हटलं, पोट कशाला?

ओटीपोटात लिंबाएवढी गाठ.
आत केस. एक दात.
आणि, ती हळू बोलली, चिमूटभर मेंदू,
कशाचाच विचार न करणारा.
अंगाच्या राखणदारांनी तो परका म्हणून धरला,
मग तसाच दिसतो म्हणून वरचा, खरा, तोही.

कळलं का मावशी?
कळलं.
एका कट्ट्यात फुटकं पान सापडलं
की तुम्ही आख्खं सूप छाट करता ना,
चांगल्या बिड्याही मोडता, माझ्यासमोर.

गाठ काढली. रक्त पाच वेळा धुतलं,
त्यात माझ्या पाटल्या गेल्या.
लोकांना वाटतं, गाठ निघाली की झालं.
एकोणीस दिवस हात वळतच होते.
विसाव्या दिवशी थांबले, तशी मी घाबरले,
नाकाशी बोट धरलं.
ऊन श्वास.

आता घरी आहे. भाकरीला चप्पल म्हणते,
मग स्वतःच हसते.
मधलं तिला काही आठवत नाही.
मला आठवतं, पुरे.

पान द्या आजपासून. अर्धंच द्या.
हात थरथरतात, छाट निघेल थोडी.
काढा.
फक्त माझ्यासमोर मोडू नका.