मूळ प्रत

विक्रोळीत, रेशन ऑफिसच्या समोर
माझं झेरॉक्सचं दुकान. सहा बाय आठ,
एक मशीन, एक पंखा, एक स्टूल.
सकाळी दहापासून काचेवर चेहरे उपडे पडतात.
खरं सांगू, आधार कार्डावर
कुणीच स्वतःसारखं दिसत नाही.

सुगंधा कोयंडे त्यातल्याच एक.
शाळेत खिचडी शिजवतात, पातेली घासतात.
काथ्यानं अंगठ्याच्या रेषा गेल्या,
रेशनच्या मशीनला तो अंगठा पटत नाही.
पुसून दाबा, परत दाबा, दुसरा दाबा,
आणि पिशवी रिकामीच घरी जाते.

ह्याच बाईंच्या नावावर
नागपूरला कुणीतरी मोटरसायकल घेतली.
तीन हप्ते भरले, चौथा नाही.
तिथं अंगठा कुणी मागितला नाही.
कार्डाची प्रत होती, खाली सही होती,
सहीत शेवटचा काना राहून गेला होता.
वसुलीवाला म्हणाला, "मावशी, बाईक उडवता, हप्ता नको?"
त्यांना सायकलसुद्धा येत नाही.

पोलिसांनी सात प्रती मागितल्या.
त्या माझ्याकडेच आल्या.
हिरवा उजेड ह्या कडेहून त्या कडेला गेला
आणि मला रद्दी आठवली.

तिरक्या आलेल्या, काळवंडलेल्या,
टोनर संपताना फिकटलेल्या प्रती
मी स्टुलाखाली टाकायचो. महिनाअखेर विकायचो,
बारा रुपये किलो.
एकदा नाक्यावर भेळ घेतली, पुडी उलगडली,
तर चिंचेच्या पाण्याखाली कुणाचीतरी जन्मतारीख.
तेव्हा हसलो होतो. बायकोला दाखवलीही होती.

बाईंचा कागद माझ्याच स्टुलाखालून गेला?
माहीत नाही. सिमकार्डवाल्याच्या छत्रीखालूनही गेला असेल,
लकी ड्रॉच्या फॉर्मातूनही.
हे "असेल" मी रोज रात्री मोजतो,
गल्ला मोजून झाल्यावर.
हल्ली खराब प्रत फाडून बादलीत भिजवतो.
सकाळपर्यंत करडा लगदा होतो, नावं सोडून दिलेला.

त्यांना हे सांगितलं नाही.
सांगितलं ते एवढंच:
प्रतीवर आडवं लिहा, फोटोला चाटून जाईल असं,
कुणाला दिली, कशासाठी, तारीख, सही.
कोरी प्रत म्हणजे कडी न लावलेलं दार.
"आणि फोनवर कुणी आकडे विचारले तर?"
"म्हणा, मुलगा आला की सांगते."
"मला मुलगा नाही."
"त्याला कुठं माहीत आहे?"
त्या हसल्या. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या,
"त्याला सगळंच माहीत होतं हो,
माझ्या आईचं नावसुद्धा."

सातही प्रतींवर त्यांनी लिहिलं, पाटीवर गिरवावं तसं,
फक्त पोलीस तक्रारीसाठी.
सात वेळा सुगंधा. सात वेळा शेवटचा काना,
कागद फाटेल इतका दाबून.

चौदा रुपये झाले. मी नको म्हटलं.
त्यांनी नाणी ठेवलीच.
"फुकटचं आता काही घेत नाही."

त्या रस्ता ओलांडत होत्या
आणि मी झाकण उघडलं. कार्ड काचेवरच.
"बाई, मूळ राहिलं तुमचं!"
ओरडलो,
तर भर रस्त्यात चार अनोळखी बायका थांबल्या
आणि आपापल्या पिशव्या चाचपू लागल्या.