बिऱ्हाड

सात नंबरची खोली जिन्याखाली आहे.
खिडकी नाही. ठेकेदार विसरला म्हणतात,
किंवा पैसे संपले. शंभर वर्षांत दोन्ही खरं होऊन जातं.
मी नटांच्या दारावर बसतो. किल्ल्या देतो,
आलेल्याचं नाव लिहितो, गेलेल्याचं खोडतो.

जानेवारीत मोरव्हेन गॅलब्रेथ आल्या.
सत्तरीच्या अलीकडे की पलीकडे, विचारायची सोय नव्हती.
भूमिका राजाच्या आईची: तीन वाक्यं, एक किंकाळी,
आणि मध्यंतराआधीच मरण.
म्हणजे रोज रात्री दीड तास त्या
मुकुट काढून, शेवटच्या नमस्काराची वाट बघत
नुसत्या त्या खोलीत.
"राहायचंच आहे, तर नीट राहू," म्हणाल्या.

आधी आरशाभोवतीचे बल्ब काढले, बारापैकी आठ.
"इतक्या उजेडात कुणाचं घर असतं, हेक्टर?"
मग पायपुसणं आलं. नवं नव्हे, झिजलेलं,
मधोमध बुटांचे दोन खळगे.
कुणाच्या बुटांचे, ते मी विचारलं नाही.
केटल. बशी नसलेला कप, कप नसलेली बशी,
जोडी जमत नव्हती, तरी संसार चाललेला.
कपाटाच्या दाराला आतून लिपस्टिकनं लिहिलेली
जुन्या नटांची नावं होती.
त्यांनी ओल्या फडक्यानं भोवतीची धूळ तेवढी पुसली,
शेजाऱ्याच्या रांगोळीला धक्का न लावता
आपलं अंगण झाडावं, तशी.

शेवटी पडदा. पिवळा, घरगुती, फुलाफुलांचा.
तो त्यांनी ठोकला थेट भिंतीवर.
मागे काही नाही. वीट, चुना, पलीकडे बॉयलर.

तेव्हापासून रोज साडेसहाला, किल्ली घेताना:
"काय दिसतंय आज?"
मी सांगायचो. टे नदी शिशासारखी.
पुलावरून गाडी गेली, सगळे डबे रिकामे.
धुकं असं, की समोरचा किनारा कुणी उसना नेलाय.
कधी मीही दुपारपासून जागचा हललेला नसायचो,
तेव्हा ठोकून द्यायचो.
एकदा म्हणालो, सील आलाय, धक्क्याच्या पायरीवर,
जांभया देतोय.
त्या मान हलवायच्या, आत जायच्या,
बाहेर कोरडं ठणठणीत असलं
तरी पाय पुसायच्या.

नाटक तेरा आठवडे चालायचं होतं. पाचव्यात बंद पडलं.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. चाळीस मिनिटांत
खोलीची पुन्हा खोली झाली.
बल्ब परत बसवले, आठच्या आठ,
आणि वर्षभर फडफडणारा नववाही
कसा कोण जाणे, गप्प करून गेल्या.
पायपुसणं झटकलं, गुंडाळलं, काखेत मारलं.
"पडदा राहिला," मी म्हणालो.
"खिडकी कुठे घेऊन फिरू?"
टॅक्सीचं दार लागलं.

सोमवारी झाडायला गेलो. पडदा सारला, उगाच.
भिंतीवर भुवयांच्या पेन्सिलीनं, बारीक अक्षरात,
मी सांगितलेलं सगळं बाहेर:
मंगळवार, नदी शिसं.
बुधवार, रिकामी गाडी.
गुरुवार, किनारा उसना दिलेला.
शनिवार, सील. थाप आहे. तरी छान.

तिकडे टेबलावरचा फोन वाजत होता. वाजू दिला.

आता सातमध्ये एक जादूगार आहे, कॅलम पिटकेथली,
वय तेवीस, कबुतरं दोन.
आल्या आल्या त्यानं पडदा ओढला.
अहो, इथे खिडकीच नाही!
आणि हे काय लिहिलंय? रंग मारून मिळेल का?
रंग संपलाय, मी म्हणालो.
मग हा पडदा तरी काढा.
राहू दे, म्हटलं.
वारा येतो.