तरंगकाटा

रात्री पावणेतीनला तळघरात काहीतरी फुटलं.
अच्युत म्हणाला, हीटर गेला वाटतं.
मला जिन्यावरच वास लागला,
आधी आंबोळीच्या पिठाचा, मागोमाग कडवट.
माझी बीअर.

ड्रायरपाशी काचांचा सडा,
फेस छताला लागून थेंबथेंब गळतोय
अच्युतच्या धुतलेल्या बनियनांवर.
चाळिसातली एक गेली.
बाकीच्या एकमेकींना खेटून, तोंडं मिटून उभ्या.

बर्फातला चष्मा चढवला, ओव्हनचे हातमोजे,
एक उचलून मागच्या दारी नेली.
डुलुथमध्ये मार्च सरला तरी अंगण पांढरंच असतं.
झाकण काढलं: ग्लासात दोन बोटं बीअर,
वर, खाली, बाहीत, सगळीकडे फेस.
घोट घेतला. गोड.
काकवीत पाणी ओतल्यासारखी गोड.

इतकी गोड, आणि वर इतकी फसफस!
मी दोन आजार धरून चालले होते.
आर्वो असता तर म्हणाला असता, एकच आहे.
साखर खायची राहिली, की जिभेला गोड लागते.
आणि तीच राहिलेली साखर
दार लावून घेऊन कुणी खायला बसलं,
की दार उडतं.

वही काढली. अक्षर माझंच.
‘२ मार्च. तळघर चोपन्न अंश. काटा १.०१८.’
आणि त्याखाली: ‘झालंच असेल.’
तीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये
एकाही पोराला रिपोर्टवर मी
‘झालंच असेल’ लिहू दिलं नाही.
यीस्ट गारठून निजलं होतं.
निजलेल्याला मी गेलेला समजले,
वर बाटलीगणिक साखर घातली, झाकण ठोकलं,
आणि उबेला म्हणून ड्रायरजवळ मांडलं.
उतावळी नवरी, गुडघ्याला बाशिंग.

घाई कशाची होती, ते वहीत नाही.
आर्वो लेहतिनेन, समोरच्या पिवळ्या घरातला,
वय चौऱ्याऐंशी, झाकणं ठोकायचं यंत्र त्याचंच,
पंधरा तारखेला मुलीकडे अ‍ॅरिझोनाला निघाला होता. कायमचा.
पहिली बाटली त्याला पाजायची होती.
पाजली, त्याच्या बांधलेल्या खोक्यांवर बसून.
त्यानं सगळी संपवली, ओठ पुसले,
म्हणाला, “छान आहे.”
आर्वो कशालाच छान म्हणत नाही.
मी तिथंच ओळखायला हवं होतं.

उजाडेपर्यंत बाटल्या बर्फात पुरल्या,
गार झाल्यावर एकेकीचं झाकण जरासं उचकटलं.
सुस्स.
पुन्हा नवं झाकण.
सुस्स.
अच्युत चहा घेऊन आला, लांबूनच म्हणाला,
यांचं मन मोकळं झालं की आत ये.
मग जाड पेटीत भरल्या, वर घोंगडी,
पेटी हीटरच्या खोलीत, आणि दार बंद.
चार दिवसांनी परत तेच. सुस्स, थोडं हळू.

एप्रिलात एक ग्लासात ओतली,
घुसळून घुसळून वायू घालवला, काटा सोडला.
डुलला, भिंतीला टेकला, सरळ झाला.
१.०११.
दुसऱ्या दिवशी दुसरी फोडली. १.०११.
चव कोरडी, शेवटी किंचित भाजक्या पावासारखी.

अ‍ॅरिझोनाला निरोप धाडला:
दोन दिवस एकच आकडा.
तिथं उजाडलंही नसेल, तरी उत्तर लगेच आलं.
“तिसऱ्या दिवशीही बघ.”
थोड्या वेळानं आणखी एक:
“तेव्हा गोड होती.”