रात्रीचा नंबर

प्रिंटर आधी दिले. ते सोपं होतं.
टोनरची काळी पूड नखांत घेऊन जेवणं
तसंही कुणाला नकोच होतं.
सावद्याचा शकील नेतो आता, मोटरसायकलला बांधून,
आणि आमच्याहून लवकर आणून देतो.
हे जरा लागलं.

मग वायरिंग. जिनिंगच्या पत्र्यावर
मे महिन्यात शिडी लावली
तर माझे गुडघे नाही म्हणाले.
हिशेब वगैरे नंतर केला.

सर्व्हरचा बॅकअप दिला तो भीतीनं.
खोटं कशाला बोलू,
पतसंस्थेची अकरा हजार खाती
माझ्या अर्धवट ज्ञानावर निवांत झोपायची
आणि मी जागा.

राहिला रात्रीचा फोन.
लीलाधर फालक तो दहा वर्षं उशाशी घेऊन झोपला.
त्याची बायको एकदा दुकानात आली, म्हणाली,
"भाऊ, लेकरू झोपतं, हा मोबाइल रडतो."
त्याच दिवशी नाशिकच्या कंपनीला होकार कळवला.
दरमहा एवढे, अधिक जीएसटी.

पहिल्या रात्री मीच फोन लावून पाहिला, नाव बदलून.
एक मुलगी. आवाज धुतलेला, इस्त्री केलेला.
आमच्याच दुकानाचं नाव तिनं इतकं नीट घेतलं
की मला ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.
"सर, तिकीट नंबर सांगाल का?"

सकाळी केळीवाले बोंडे अण्णा, तावातावानं:
"काय भो, राती गाडी भरून उभी, बिल निघेना,
अन् ती पोरगी तिकीट मागते!
मी म्हटलं बाई, टरक आहे, यष्टी नाही!"

मग बसलो लिहायला, तिच्यासाठी.
यावल रोडच्या लॅबचा मेन स्विच गणपतीच्या फोटोमागे.
वारके मॅडम 'जळालं' म्हणतात, म्हणजे स्क्रीन काळी झाली एवढंच.
दुपारी तीनला फैजपुरात लाइट जाते, तो बिघाड नाही.
बोंडे अण्णा ओरडले तर बिल अडलंय;
हळू बोलले तर डिस्क गेलीय.

चौथ्या पानावर लीलाधर आला.
डोक्याला तेल, डोळे कितीतरी वर्षांनी पांढरे.
उभ्या उभ्याच वाचलं त्यानं.
"एवढं लिहिता येत होतं
तर मला कधी का नाही लिहून दिलं?"

मी पेनाला टोपण लावलं. काढलं.
म्हटलं, बस. पाचवं पान तू सांग.

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.