उजेड इकडे धर

आउट्जोच्या अलीकडे रेडिएटरचा पाइप फुटला
तेव्हा कोणी काही बोललं नाही.
तो हिशेबात धरलेलाच होता,
लग्नात एक रुसणारा मामा धरतात तसा.

दोन गाड्या. बाबांची लँड रोव्हर, माझ्याहून एकोणीस वर्षांनी मोठी,
आणि गेर्सनकाकांची लँड क्रूझर, जिचं डावं दार
आतून उघडत नाही, बाहेरून लागत नाही.
विंडहोक ते ओकांग्वाटी, आठशेच्या वर किलोमीटर.
मागे चार जेरीकॅन, एक शेळी,
आणि घोंगडीत गुंडाळलेलं उएरिमुंगा आत्याचं शिलाईमशीन,
पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं,
नवरीला द्यायला.

कामान्याबला स्प्रिंगचा पाटा तुटला.
बाबांनी मोपानेचा ओंडका तासून
चॅसीखाली ठोकला, वर तार आवळली.
म्हणाले, लाकूड कुरकुरतं, पण दगा देत नाही.
साठ किलोमीटरवर दिला.

पुढे रस्ता असा, की कोणी पन्हळी पत्रे अंथरून वर माती टाकावी.
ताशी ऐंशीने गेलात तर तरंगता,
चाळिसाने गेलात तर आपले दात मोजता येतात.
जे जे फिरवून बसवलेलं असतं
ते ते आपणहून उलटं फिरू लागतं.
पडलेले बोल्ट मी कॉफीच्या डब्यात जमवायचे.
प्रत्येक दुरुस्तीनंतर एक उरायचाच.
‘हा कुठला?’ असं विचारायचं नाही, हे मला सातव्या वर्षीच कळलं होतं.

गुरांच्या तपासणीच्या फाटकावर शिपायाने विचारलं, मांस आहे का?
मग बॉनेट उघडं बघून मांस विसरला,
आपलाही डबा घेऊन आला.
दोघं तासभर बोल्ट बघत बसले,
बायका कापड बघतात तसे, चिमटीत धरून, उजेडाला लावून.

रात्री माझं काम टॉर्चचं.
मी गाडीखाली बाबांच्या कानाशी पालथी,
आणि डोळे चुकून शेळीकडे, चांदण्यांकडे,
गेर्सनकाकांच्या सिगरेटच्या ठिपक्याकडे.
‘तू बघतेस तिकडे नको.
मी बघतोय तिकडे धर.’
पण तुम्ही कुठे बघताय ते अंधारात कसं दिसणार, बाबा?
हे मी विचारलं नाही.
डिझेलचा एक थेंब माझ्या पापणीवर पडला.

ओपुवोच्या पुढे, रात्री अकराला, फॅन बेल्ट गेला.
जादाचा होता, जपून ठेवलेला. तोही तुटकाच निघाला.
तुटलेलं टाकायचं नाही हा बाबांचा धर्म,
आणि धर्माचं फळ असं कधीकधी मिळतं.
गेर्सनकाकांचा बेल्ट बसेना.
बाबांनी घोंगडीकडे पाहिलं. लगेच नजर काढली.

आत्या उठली.
सात परकरांचा तो घेर सावरत,
गाईच्या शिंगांसारखा आडवा फेटा जराही न हलवता
तिने स्वतः घोंगडी सोडली,
चाकावरचा चामड्याचा पट्टा उतरवला,
हातावर लांबवून पाहिला
आणि म्हणाली, ‘काप.
काटकसर करून काप.’

त्या रात्री मी टॉर्च नीट धरला.
आत्याच्या हातावर.

चामडं दर तासाला सुटायचं, बाबा पुन्हा तारेने शिवायचे.
आम्ही पोचलो तेव्हा नवरी सासरी निघून गेली होती.
शेळी मात्र खुशीत होती.

मशीन मग ट्यूबच्या रबरी पट्टीवर चाललं. अजून चालतं.
पट्टी मध्येच घसरते.
त्यावर शिवलेला एक झगा माझ्याकडे आहे,
निळा, लांब बाह्यांचा.
शिवणीवर बोट फिरवलं तर दर वीतभरावर
एक टाका सुटलेला लागतो,
मग पुन्हा सरळ, मग पुन्हा खड्डा.
दरजी म्हणाला, उसवून नव्याने घालून देतो.
मी म्हटलं, राहू दे,
काखेतलं तेवढं बघ.