कोरा कान

तळघरात आम्ही दोघंच.
भिंतीपलीकडे एयुन, स्टोरेजच्या जुन्या कपाटापाशी,
अलीकडे मी, सर्व्हरपुढे, कानटोपी घालून,
कारण यंत्रांना मानवतो तो गारवा माणसाला मानवत नाही.

त्याच्याकडे सतरा व्हॉल्यूम.
माझ्याकडे चौतीस डिस्क.
याला मी घाबरत नाही :
केबल दोन म्हणून वाटा दोन,
एकच पाहुणा दोन्ही दारांनी आत येऊन
दोन पानांवर जेवायला बसलाय.
पानं एकत्र केली. उरल्या सतरा.

आता जुळवा.

"चार नंबर?" एयुन भिंतीतून ओरडतो.
माझ्याकडेही चार आहे, पण ती त्याची चार नव्हे.
गेल्या महिन्यात वादळात वीज गेली,
सर्व्हर पुन्हा उठला तेव्हा
जी आधी जागी झाली तिला आधीचा आकडा मिळाला.
सगळ्या पाचशे जीबीच्या, सगळ्या एका माळेचे मणी,
आणि कुणाचा पायपोस कुणात नाही.

आयडी वाचून पाहिले.
कपाट आपली ओळख अक्षरांत सांगतं,
सर्व्हर त्याच अक्षरांचे आकडे करून, बत्तीस आकडे, एका दमात.
पेन्सिलीने उलगडत बसलो.
पाऊण तासात एक जुळली,
तीही नंतर चुकीची निघाली.

एकीत क्लाक्सविकच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत,
एकीत शाळेचे निकाल, एकीत बंदराची थकबाकी,
आणि यातल्या चार आज रात्री पुसायच्यात.
चुकीची पुसली
तर निम्म्या गावाला पुन्हा जन्मावं लागेल, एयुन म्हणाला.
हसला नाही.

हे सगळं मांडलं तुम्मासने. तो मार्चमध्ये निवृत्त झाला.
ऑक्टोबरात तुम्मासला फोन करणं म्हणजे डोंगराला फोन करणं :
मेंढ्या खाली आणायचे दिवस,
धुक्यात कुत्रा, काठी, आणि खिशात बंद पडलेला फोन.

संध्याकाळी त्याचाच आला.
मागे शंभरेक मेंढ्यांचा कालवा.
"सगळ्या सारख्या दिसतात," मी म्हटलं.
"कोण म्हणतं? कान बघ."
"कसले कान?"
"जीबीत नको बघूस. जीबी दुरून बघतात. एमबीत बघ."
आणि कुणावर तरी खेकसत त्याने फोन ठेवला.

बघितलं.
पाच लाख बारा हजार एक.
पाच लाख बारा हजार दोन.
पाच लाख बारा हजार नऊ.
प्रत्येकीच्या कानाला मोजून चीर,
इतकी बारीक की गोल आकडा दाखवणाऱ्या पडद्याला ती दिसूच नये,
आणि शोधणाऱ्याचा हात फिरला की लागावी.
एयुनने कपाटातून आकडे पुकारले,
मी एकेक हाकारून कुंपणात घेतली.
वीस मिनिटं. सोळा.

सतरावीचा कान कोरा.
पाच लाख बारा हजार, एकही जास्त नाही.
तुम्मासला निरोप टाकला. उत्तर आलं : ती माझी नाही.

पुसायच्या चार पुसल्या. हिला नाही.
हिला नुसती बाजूला काढली, दोर सोडला,
आणि कोण बोंबलतं याची वाट बघत बसलो.
याला आमच्या धंद्यात पद्धत म्हणतात.

एक आठवडा, कुणी नाही.
एयुन म्हणाला, पुसू या.
मी म्हटलं, थांब.
का, ते मला सांगता आलं नाही.

अकराव्या दिवशी नोल्सोयच्या धक्क्यावरून बाई बोलल्या, सुन्नवा नावाच्या :
बोटीतून कुणाचं सामान यायचंय ती यादी
गेले दहा दिवस उघडत नाहीये,
त्या वहीवर लिहून भागवत होत्या,
तक्रार नाही, पण वही संपत आली.

त्यांची माफी मागितली. डिस्क जोडली.
मग कपाट उघडून, कुणाला न विचारता,
तिला सतरा एमबीने मोठी केली.